फोटो कुणाचा, नाव कुणाचं? – एक्सेलमध्ये कोडने फोटो बसवताना

ॲडमिशनचा हंगाम संपत आला की प्रत्येक वसतिगृहात एक यादी निघते. अनुक्रमांक, नाव, गाव, खोली नंबर, घरचा फोन आणि शेवटच्या रकान्यात फोटो. नांदेडला विष्णुपुरीच्या कॅम्पसमध्ये असो, नाहीतर लातूरला बारावी-नीटच्या पोरांनी भरलेल्या खाजगी होस्टेलांत असो, यादीचा नमुना तोच. एक प्रत गेटवरच्या वॉचमन मामांकडे, एक मेसवर, एक रेक्टर सरांच्या फाईलला. आणि ही यादी बनवायचं काम शेवटी कुणावर येऊन पडतं? "तू कॉम्प्युटरवाला ना बे? मग एवढं करून दे की!" असं म्हणून ते आपल्यापैकीच एकाच्या गळ्यात मारलं जातं.

हाताने केलं तर काम सरळ आहे पण जीवघेणं आहे. इन्सर्ट, पिक्चर, फाईल शोधा, कोपरा धरून लहान करा, ओढत रकान्यात आणा. एका फोटोला एक मिनिट धरलं तरी २४० मुलांचे चार तास. तेच काम चाळीस-पन्नास ओळींचा कोड एका चहात करून देतो. पण हा लेख वेळ वाचवण्यासाठी लिहिलेला नाही. हाताने चुकलेला फोटो वाकडा-तिकडा दिसतो, लगेच लक्षात येतो. कोडने चुकलेला फोटो अगदी सरळ रेषेत, चौकटीच्या मधोमध, व्यवस्थित बसतो, फक्त दुसऱ्याच्या नावासमोर! रात्री अकराला गेटवर मामा भलत्यालाच अडवतात, इथपर्यंत ठीक आहे. एखाद्या पोराला बाहेर अपघात झाला आणि यादीतल्या फोटोवरून ओळख पटवून दुसऱ्याच घरी फोन गेला तर? म्हणून फोटो बसवण्याइतकंच, तो ज्याचा त्याच्याच नावासमोर बसला का, हे कोडलाच तपासायला लावणं महत्त्वाचं आहे.

(कोडमधले शब्द पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. कीबोर्डवर ते अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.)

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. आपण म्हणतो "सेलमध्ये फोटो टाकला". पण नेहमीच्या पद्धतीने टाकलेला फोटो सेलमध्ये नसतोच. असं समजा की टेबलावर चौकटीचा कागद आहे, त्यावर काच आहे, आणि फोटो काचेवर ठेवलाय. कागदावरच्या सी-५ या चौकटीला वर काय ठेवलंय याचा पत्ताही नसतो. सी-५ ची किंमत विचारा, उत्तर 'रिकामं' असं येईल. फोटोला मात्र स्वतःची जागा माहीत असते: शीटच्या डाव्या कडेपासून किती अंतर, वरच्या कडेपासून किती, रुंदी किती, उंची किती. हे चार आकडे म्हणजेच लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट. कोडचं निम्मं काम हे चार आकडे काढण्याचंच आहे.

उरलेलं निम्मं काम म्हणजे कोणता फोटो कोणाचा हे ठरवणं, आणि खरी गोम तिथंच आहे. बरेच जण फोल्डरमधले फोटो ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने यादीवर टाकत सुटतात: पहिला फोटो पहिल्या नावाला, दुसरा दुसऱ्याला. कॉम्प्युटरच्या अक्षरक्रमात १ नंतर १० येतो, मग ११, १२, आणि २ कुठंतरी खाली. एकाने फोटो दिला नाही की त्याच्याखालची सगळी यादी एकेक घर वर सरकते. म्हणून क्रमावर कधीच विसंबायचं नाही.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा मुद्दा वेगळा सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बाबा किंवा काका शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढतात. तो नुसता सोयाबीनचा फोटो असेल तर त्याला काय अर्थ आहे? उदगीरचं सोयाबीन आणि भोकरचं सोयाबीन फोटोत सारखंच हिरवं दिसतं. त्याला किंमत येते ती गट क्रमांकामुळे आणि सोबत नोंदल्या गेलेल्या अक्षांश-रेखांशामुळे. आपल्या यादीत गट क्रमांकाचं काम विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक करतो. फाईलचं नाव म्हणजे तोच क्रमांक, दुसरं काहीही नको. नाव वापरू नका, एका वर्गात दोन गणेश आणि तीन जाधव सहज असतात, आणि इंग्रजीत तेच आडनाव प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो. खोली नंबर तर अजिबात नको, दिवाळीनंतर निम्म्या खोल्या बदललेल्या असतात.

त्यातही दोन खोड्या आहेत. क्रमांक ००७ असा असेल तर एक्सेल त्याला नुसतं ७ समजतं, आणि कोड ००७ ऐवजी ७ नावाची फाईल शोधत बसतो. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. दुसरी खोडी खास आपल्या लोकांची. कुणी हौसेने फाईलचं नाव देवनागरीत दिलं तर व्हीबीएमधलं 'डीआयआर' हे जुनं फंक्शन ते वाचूच शकत नाही, त्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, आणि फोल्डरमध्ये समोर दिसणारी फाईल "नाही" म्हणून सांगतं. कारण असं की व्हीबीएचा एडिटर आणि त्याची काही जुनी फंक्शन्स युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने चालतात, आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती. 'फाईल सिस्टिम ऑब्जेक्ट' वापरलं तर अडचण येत नाही. तसंच, कोडच्या आत "फोटो नाही" असं मराठीत लिहायला गेलात तर तिथंही प्रश्नचिन्हंच उमटतील. ते वाक्य शीटच्या एखाद्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये लिहून ठेवा आणि कोडला तिथून उचलायला सांगा. मराठी यादी करणाऱ्याला या असल्या गोष्टी कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडत नाहीत, असो.

आता प्रत्यक्ष कोड. एक्सेलमध्ये व्हीबीए १९९३ मध्ये आलं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी, आणि अजून टिकून आहे. ऑल्ट आणि एफ-११ दाबलं की त्याचा एडिटर उघडतो. मॅक्रो रेकॉर्ड करून बघितला तर बऱ्याचदा 'पिक्चर्स डॉट इन्सर्ट' अशी ओळ मिळते. ती वापरू नका. एक्सेल २०१० पासून ही आज्ञा फोटो फाईलच्या आत साठवत नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवते. तुमच्या मशीनवर सगळे चेहरे दिसतात. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसात उघडली की सगळ्या रकान्यांत लाल फुली, आणि "चित्र सापडत नाही, हलवलं किंवा नाव बदललं असेल" असा निरोप. रात्रभर जागून केलेल्या कामाची सकाळी अकराला होणारी ही शोभा टाळायची असेल तर 'शेप्स डॉट ॲडपिक्चर' वापरा. त्याला सात गोष्टी सांगाव्या लागतात: फाईलचा पूर्ण पत्ता, लिंक ठेवायची का, फाईलच्या आत साठवायचं का, आणि मग लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट. लिंकला 'फॉल्स', साठवण्याला 'ट्रू'. रुंदी आणि उंचीला उणे १ दिलं की फोटो मूळ आकारात येतो, मग आपण त्याला लहान करायचं. थेट सेलची रुंदी-उंची दिली तर फोटो ताणला जातो, आणि सडपातळ पोरगं पैलवान दिसायला लागतं.

लहान करण्याचं गणित सातवीच्या त्रैराशिकाचं आहे. सेल ८४ पॉइंट रुंद आणि १०४ पॉइंट उंच आहे असं धरा. चारही बाजूंनी २ पॉइंट मोकळे सोडले तर उरतात ८० आणि १००. (हे २ पॉइंट का सोडायचे ते पुढे येतंच.) फोटो मूळ आकारात ९०० बाय १२०० आला. ८० भागिले ९०० म्हणजे ०.०८८९, आणि १०० भागिले १२०० म्हणजे ०.०८३३. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, म्हणजे ०.०८३३. फोटो झाला ७५ बाय १००. आता मध्यभागी आणायला सेलच्या लेफ्टमध्ये ८४ वजा ७५ च्या निम्मे, म्हणजे साडेचार पॉइंट मिळवायचे. वरून २ पॉइंट. झालं. 'लॉक ॲस्पेक्ट रेशो' चालू असेल तर उंची दिली की रुंदी आपोआप येते, दोन्ही देऊ नका, नाहीतर एक दुसऱ्याला बिघडवत बसते.

सेलची रुंदी ८४ पॉइंट कशी करायची, हा मात्र एक वेगळाच ताप आहे. ओळीची उंची एक्सेल पॉइंटमध्ये मोजतं, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. स्तंभाची रुंदी मात्र 'किती शून्य अक्षरं मावतात' या मापात मोजतं! म्हणजे वावराची लांबी फुटात आणि रुंदी पावलांत. कॅलिब्री ११ हा फॉन्ट धरला तर अक्षरसंख्येला ७ ने गुणून ५ मिळवले की पिक्सेल येतात. नेहमीची ८.४३ ही रुंदी म्हणूनच ६४ पिक्सेल, म्हणजे ४८ पॉइंट असते. आपल्याला ८४ पॉइंट, म्हणजे ११२ पिक्सेल हवेत. ११२ मधून ५ गेले १०७, भागिले ७, उत्तर १५.२९. कॉलमविड्थ १५.२९ ठेवा. फॉन्ट वेगळा असेल तर हे गणित हुकतं, म्हणून कोडमध्ये आकडा गृहीत धरण्यापेक्षा सेललाच 'विड्थ' विचारावी, ती पॉइंटमध्ये मिळते. सेल मर्ज केलेला असेल तर 'मर्ज एरिया'ची विड्थ विचारायची, नाहीतर पहिल्या एका चौकटीचीच मिळते. आणि ओळीची उंची ४०९ पॉइंटच्या वर जात नाही, त्यामुळे एनएसएस कॅम्पच्या अहवालात पानभर फोटो एका ओळीत बसवायचा हट्ट धरू नका.

आता या सगळ्यातला सगळ्यात वाईट बग सांगतो. कोड एरर देऊन थांबायला लागला की आपण वैतागून वर एक ओळ टाकतो, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे काहीही होवो, गाडी पुढे. सिनियरकडून ज्युनियरकडे वारशाने येणारी ही ओळ आहे. बघा काय होतं. ५५ व्या मुलाचा फोटो आला, 'पिक' नावाच्या व्हेरिएबलमध्ये धरला, जागेवर बसवला. ५६ व्याने फोटो दिलेलाच नाही. ॲडपिक्चरला फाईल मिळत नाही, एरर येतो, पण तोंड दाबलेलं असल्यामुळे कुणाला कळत नाही. आता 'पिक'मध्ये काय आहे? रिकामं नाही. तिथं अजून ५५ व्याचाच फोटो धरलेला आहे! पुढची ओळ म्हणते, 'पिक'ला ५६ व्या ओळीत नेऊन बसव. कोड इमानदारीने ५५ व्याचा फोटो उचलतो आणि ५६ व्याच्या नावासमोर बसवतो. यादीत ५५ वा रिकामा दिसतो. नोटीस बोर्डावर फोटो न देणाऱ्यांत त्याचं नाव लागतं. तो बिचारा म्हणतो, "सर, म्या तर पहिल्याच दिवशी देलो की!" आणि ज्याने खरंच दिला नाही तो दुसऱ्याच्या चेहऱ्याने वर्षभर मेसमध्ये जेवतो.

उपाय अवघड नाही. ती ओळ काढून टाका. फेरीच्या सुरुवातीला 'पिक'ला 'नथिंग' करा. फाईल आहे का हे आधी विचारा. नसेल तर सेलमध्ये "फोटो नाही" लिहून पुढच्या मुलाकडे जा. बसवलेल्या प्रत्येक फोटोला त्याच्या नोंदणी क्रमांकाचंच नाव द्या, म्हणजे शेपच्या नेममध्ये तो क्रमांक लिहा. याचे दोन फायदे. एक म्हणजे मॅक्रो पुन्हा चालवला की जुना फोटो नावाने शोधून काढता येतो. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी जुन्यावर नवा फोटो चढत जातो, वरून काहीच दिसत नाही आणि फाईल मात्र दुप्पट, तिप्पट होत जाते. (सगळे शेप एकदम पुसून टाकायचा शॉर्टकट मारू नका. कॉलेजचा लोगो आणि तुमचं मॅक्रोचं बटणसुद्धा शेपच असतात, तेही जातील. आणि पुसताना मोजणी शेवटाकडून सुरुवातीकडे करा, नाहीतर एक पुसला की पुढचा त्याच्या जागी येतो आणि वाचतो.)

दुसरा फायदा जास्त मोठा आहे, तो म्हणजे तपासणी. प्रत्येक फोटोला 'टॉप लेफ्ट सेल' विचारता येतो, म्हणजे त्याचा डावा-वरचा कोपरा कोणत्या चौकटीवर आहे ते. त्या ओळीतला नोंदणी क्रमांक घ्या आणि फोटोच्या नावाशी जुळवा. जुळला नाही तर ओळ लाल करा. शेवटी बसलेले फोटो अधिक "फोटो नाही" अशा ओळी बरोबर एकूण मुलं, हा हिशेब जुळतो का बघा. जेमतेम दहा-बारा ओळींचा हा दुसरा मॅक्रो आहे. माझं तर मत आहे की फोटो बसवणारा मॅक्रो नसला तरी चालेल, हाताने बसवा, पण तपासणारा पाहिजेच. अर्थात एक गोष्ट तो तपासू शकत नाही: फाईलला क्रमांक देतानाच चूक झाली असेल तर ती त्याला कळणार नाही. त्यासाठी प्रिंट काढून ती एक दिवस मेसच्या दाराशी लावायची. पोरं स्वतःचा फोटो शोधतातच, आणि दुसऱ्याचा तर आधी शोधतात.

यादी तयार झाली की सर म्हणतात, "आता जरा खोलीप्रमाणे लावून दे." म्हणजे सॉर्ट. कागदावरची नावं हलणार, काचेवरच्या फोटोंचं काय? इथं प्लेसमेंट नावाचा गुण कामाला येतो. त्याच्या तीन किमती आहेत. १ म्हणजे सेलबरोबर हलेल आणि आकारही बदलेल, २ म्हणजे हलेल पण आकार तोच, ३ म्हणजे जागचा हलणार नाही. ३ असेल तर सॉर्टनंतर सगळं खोबरं. यादीला फिल्टर लावणार असाल तर १ ठेवा, म्हणजे लपलेल्या ओळीतले फोटो ओळीबरोबर मिटतात. २ ठेवलं तर ते बाहेर उघडे पडून एकमेकांवर ढीग होतात. सॉर्टच्या वेळी फोटो नावाबरोबर जातो तो पूर्णपणे चौकटीच्या आत असेल तरच. एका बाजूने जरी तो रेघेबाहेर डोकावत असला तरी मागे राहू शकतो. ते २ पॉइंट सोडायचे म्हटलं होतं ते यासाठी. तरीही सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आधी नावं सॉर्ट करायची आणि मग फोटोंचा मॅक्रो नव्याने चालवायचा. कोडने केलेल्या कामाचा हाच तर फायदा, पुन्हा करायला कंटाळा येत नाही.

ज्यांच्या मशीनवर एक्सेल नाही, लिनक्स आहे, त्यांनी पायथन घ्यावं. इथं एक फरक लक्षात ठेवा. व्हीबीए चालू एक्सेलशी बोलतं, त्यामुळे सेलची रुंदी त्याला विचारता येते. पायथन एक्सेल न उघडता थेट फाईल लिहितं. ती फाईल आतून कशी असते हे एकदा डोळ्यांनी बघाच. एक्सेल २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाईल म्हणजे खरं तर एक झिप आहे. तिची एक प्रत करून शेवटचं नाव झिप करा आणि उघडा. आत 'मीडिया' नावाच्या फोल्डरमध्ये सगळे फोटो, आणि 'ड्रॉइंग्ज' फोल्डरमध्ये कोणता फोटो कुठं ठेवायचा याची एक्सएमएल चिठ्ठी. त्या चिठ्ठीत नांगर टाकण्याच्या तीन पद्धती असतात: फक्त एका सेलला, दोन सेलना, म्हणजे डावा-वरचा आणि उजवा-खालचा कोपरा, किंवा कोणत्याच सेलला न बांधता शीटच्या कोपऱ्यापासून थेट अंतर. ओळी-स्तंभांची मोजणी तिथं शून्यापासून होते, एकपासून नाही. आणि अंतराचं माप आहे ईएमयू, एका इंचात ९,१४,४०० ईएमयू. हा आकडा वेड्यासारखा वाटतो, पण निवडलाय हुशारीने. एक पॉइंट म्हणजे १२,७००, एक सेंटिमीटर म्हणजे ३,६०,०००, एक पिक्सेल म्हणजे ९,५२५. सगळीकडे पूर्णांक, अपूर्णांकाची कटकटच नाही. लिबरऑफिसच्या मॅक्रोत हेच माप मिलिमीटरचा शंभरावा भाग असं असतं. फोटो भलत्याच जागी, अवाढव्य किंवा मुंगीएवढा आला तर दहापैकी नऊ वेळा माप चुकलेलं असतं, पॉइंटच्या जागी पिक्सेल दिलेले असतात.

त्या मीडिया फोल्डरमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल. फोटोंची नावं इमेज-१, इमेज-२ अशी झालेली असतात, आपले नोंदणी क्रमांक तिथं नसतात. म्हणून एक्सेल फाईल ही फोटोंची तिजोरी समजू नका, मूळ फोल्डर वेगळं जपून ठेवा.

पायथनमध्ये दोन लायब्ररी चालतात. एक्सएलएसएक्सरायटर नवीन फाईल बनवते, जुनी उघडत नाही, पण फोटोसाठी तीच सोपी: 'इन्सर्ट इमेज'ला सेल, आडवं-उभं अंतर, प्रमाण आणि 'ऑब्जेक्ट पोझिशन' सांगितलं की झालं. ओपनपायएक्सएल जुनी फाईल उघडू शकते, पण तिला सगळ्याच गोष्टी वाचता येत नाहीत. आधी काढलेले काही आकार, चौकटी सेव्ह केल्यावर गायब होऊ शकतात. सरांनी दिलेल्या मूळ फाईलवर थेट प्रयोग करू नका. नव्या एक्सेलमध्ये २०२२ पासून 'इमेज' हे फंक्शन आणि २०२३ पासून फोटो खरोखर सेलच्या आत ठेवायची सोय आहे. ती वापरली तर सॉर्ट-फिल्टरची भानगडच मिटते. पण जुन्या आवृत्तीत तीच फाईल उघडली की चेहऱ्यांच्या जागी एररची अक्षरं दिसतात. आपल्याकडे ऑफिसात कोणतं एक्सेल आहे ते आधी विचारून या.

फोटो टाकण्याआधी त्यांच्यावर एक हात फिरवणं गरजेचं आहे. मोबाईलचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे २४० म्हणजे ९६० एमबी. शीटमध्ये तो लहान दिसतो म्हणून फाईल लहान होत नाही, आत मूळ फोटो तसाच असू शकतो. आपला फोटो छापला जाणार साडेतीन सेंटिमीटर उंच. त्याला ३०० बाय ४०० पिक्सेल भरपूर झाले. पायथनच्या पिलो लायब्ररीत 'थंबनेल' वापरून सगळे फोटो या मापात आणले की सगळी फाईल दहा एमबीच्या आसपास येते. त्याआधी 'एक्झिफ ट्रान्सपोज' चालवा. मोबाईल उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवला जातो आणि सोबत "मला फिरवून दाखवा" अशी चिठ्ठी असते. ती चिठ्ठी सगळेच प्रोग्रॅम वाचत नाहीत, मग यादीत निम्मी पोरं आडवी झोपलेली दिसतात.

त्याच चिठ्ठीत फोटो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. शेताच्या फोटोला ते हवेतच, पण मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत प्रत्येकीच्या घराचं ठिकाण घेऊन फिरणारी फाईल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडावी का? पिलोने फोटो नव्याने सेव्ह केला की, वेगळं सांगितलं नाही तर, ही माहिती गळून पडते. क्रॉपचंही तसंच. एक्सेलमध्ये कापलेला भाग नुसता झाकलेला असतो, 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेले भाग पुसायला सांगेपर्यंत तो आत असतो, आणि कुणीही तो परत उघडा करू शकतो. ग्रुप फोटोतून एकीला कापून लावलंय, तर बाकीच्या तिघी त्याच फाईलमध्ये आहेत. स्टाफने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गेटवर प्रिंट द्या किंवा पीडीएफ द्या, मूळ फाईल देऊ नका. मॅक्रो असलेली फाईल मेलवर तर पाठवूच नका, बाहेरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो नवं ऑफिस बहुतेक वेळा अडवतंच.

राहिली प्रिंट. ए-४ पान ८४२ पॉइंट उंच, वर-खाली पाऊण-पाऊण इंच सोडलं की उरतात ७३४. आपली ओळ १०४ पॉइंटची, म्हणजे पानावर सात मुलं. २४० मुलांना ३५ पानं! एवढा गठ्ठा मामा गेटवर चाळणार नाहीत. त्यांच्यासाठी ओळखपत्रासारखी जाळी करा: आडवे पाच फोटो, प्रत्येकाखाली १६ पॉइंटच्या ओळीत नाव आणि खोली. एक घर १२० पॉइंटचं झालं, पानावर अशा सहा रांगा, म्हणजे तीस मुलं, आणि सगळं वसतिगृह आठ पानांत. जाळीत कोणता फोटो कुठं हे काढायला भागाकार पुरतो. मोजणी शून्यापासून धरा. क्रमांकाला ५ ने भागून येणारा भागाकार म्हणजे रांग, बाकी म्हणजे स्तंभ. ३७ असेल तर रांग ७, स्तंभ २. प्रत्येक रांगेला शीटच्या दोन ओळी लागतात, म्हणून रांग दुप्पट करायची. पानाची विभागणी एक्सेलवर सोडू नका. दर सहा रांगांनंतर, म्हणजे शीटच्या दर बाराव्या ओळीनंतर कोडनेच 'एचपेजब्रेक' टाका, नाहीतर एखाद्या पोराचा चेहरा एका पानावर आणि नाव दुसऱ्या पानावर जातं.